जमिनीत सापडलेलं झिजकं ब्रिटिश नाणं ओळखायचं कसं? अक्षरं सगळ्यात शेवटी बघा

इंग्लंडात घरामागची बाग खणताना, अलॉटमेंटवर (भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर) मेथीचा वाफा करताना किंवा नांगरलेल्या शेताच्या कडेने चालताना एखादी हिरवट-काळी चकती हाती लागते. मग बहुतेक जण त्याच क्रमाने चुकतात. आधी घासतात, मग भिंग घेऊन तारीख शोधतात. ती दिसली नाही की मोबाइलवर फोटो टाकून जे पहिलं उत्तर येईल ते खरं मानतात. तोवर नाण्यावर वाचण्यासारखं जे काही उरलेलं असतं ते सिंकमधून वाहून गेलेलं असतं.

क्रम नेमका उलटा हवा. तांब्याच्या जुन्या नाण्यावरून तारीख आणि कडेची अक्षरं लवकर पुसली जातात. व्यास फारसा बदलत नाही, डोक्याची बाह्यरेषा बऱ्याचदा तग धरते, आणि वजन घटलं तरी काहीतरी सांगतंच. म्हणून आधी मोजायचं, मग दिशा बघायची, आणि वाचायचं सगळ्यात शेवटी.

## तयारी

जवळ असू द्या: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल वजनकाटा, प्लॅस्टिकचा व्हर्नियर कॅलिपर (धातूच्या कॅलिपरने कड खरवडते), दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक साधं चुंबक, टॉर्च, लाकडी दातकोरण्या, मऊ ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, लहान झिप पिशव्या आणि वही.

लांब ठेवा: लिंबू, चिंच, व्हिनेगर, टूथपेस्ट, तारेची घासणी आणि भांडी चकचकीत करणारी कुठलीही पावडर. तांब्याचा तांब्या चिंचेने लख्ख होतो हे आपल्या हातात इतकं भिनलेलं आहे की ही सूचना मला सगळ्यात वर लिहावीशी वाटते. जमिनीतल्या तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. धातूचा वरचा भाग त्या थरात बदललेला असतो आणि राजाचं नाक, केस, अक्षरं जे काही उरलंय ते त्या थरातच असतं. पोपडे धरलेल्या भिंतीवरचं चित्र जसं पोपड्याबरोबर जातं तसंच इथे होतं. आंबट लावलं की खालून गुलाबी, खड्डे पडलेली, कोरी चकती निघते.

## १. उचलण्याआधी जागेची नोंद

फोनच्या नकाशावरून जागा, साधारण खोली, तारीख आणि आजूबाजूला काय होतं (विटांचे तुकडे, मातीच्या पाइपांचे तुकडे, राख) एवढं वहीत लिहा. ब्रिटनमधल्या नोंदींसाठी नॅशनल ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटींवरून ठरणारा जागेचा क्रमांक) लागतो. फोनवरच्या साध्या ॲपमधून तो मिळतो.

जमीन आपली नसेल तर मालकाची परवानगी आधी घ्यायची, नंतर नाही. अलॉटमेंटची जमीन सहसा कौन्सिलची असते. लंडनमध्ये थेम्सच्या ओहोटीच्या काठावर नुसतं शोधायलाही पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो. संरक्षित प्राचीन स्थळावर परवानगीविना मेटल डिटेक्टर चालवणं हा गुन्हा आहे.

थांबा: एकाच ठिकाणी एकापाठोपाठ नाणी निघू लागली तर पुढे खणू नका. पुरलेला साठा असू शकतो. त्याची मांडणीच महत्त्वाची असते आणि कायदाही वेगळा लागतो. त्याबद्दल शेवटी.

## २. माती काढायची, थर नाही

नाणं सावकाश, सावलीत वाळू द्या. तांब्याचं असेल तर धुण्याची घाई करू नका. माती वाळली की मऊ ब्रशने झटका. अडकलेला चिखल दातकोरणीच्या टोकाने भिंगाखाली एकेक कण उचलून काढा. काडी नाण्याला घासायची नाही, मातीखाली सरकवायची. फारच चिकट असेल तर काडीचं टोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून तेवढ्याच जागेवर लावा. चांदीचं नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलकेच खळबळून टिपून घेतलं तरी चालतं. टिपायचं म्हणजे टिपायचंच, पुसायचं नाही.

पांढरट-फिकट हिरवी, भुरभुरणारी भुकटी दिसली तर ते साधं कळंक नव्हे. क्षारांमुळे धातू आतून खाल्ला जातोय. असं नाणं लगेच सिलिका जेलच्या पुडीबरोबर कोरड्या डबीत ठेवा आणि साफसफाई विसरा.

तपासा: काडीबरोबर हिरवा किंवा लालसर चुरा येतोय? मग तुम्ही मातीच्या खाली पोहोचलात. तिथेच थांबा.

## ३. मुळात नाणं आहे का?

इंग्लंडातल्या शेतांत गोल चकत्यांचा सुकाळ आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली सपाट धातूची बटणं हुबेहूब झिजलेल्या नाण्यासारखी दिसतात. मागच्या बाजूला मधोमध टेंगूळ, तुटक्या कडीचा खुंट किंवा गोल डाग असेल तर ते बटण. पातळ पितळी चकतीवर एका बाजूला क्रॉस असलेला गोल आणि दुसऱ्या बाजूला मधल्या फुलाभोवती मुकुट आणि लिलीची फुलं असतील तर ते न्यूरेंबर्गचं जेटन, म्हणजे हिशोब मांडायची चकती. ते पैसे नव्हेत.

आता चुंबक लावा. बागेतल्या 'व्हिक्टोरियन' नाण्यांपैकी कितीतरी इथेच बाद होतात. आजचं दोन पेन्स २५.९ मिमीचं आणि व्हिक्टोरियाचं ब्राँझ हाफपेनी (अर्धी पेनी) साधारण २५.५ मिमीचं. आजची एक पेनी २०.३ मिमीची, तर जुनं ब्राँझ फार्दिंग (पाव पेनी) जवळपास २०.२ मिमीचं. ओल्या मातीत काही वर्षं राहिलेलं दोन पेन्स राणीच्या काळातलं वाटावं इतकं काळं पडतं. १९९२ पासूनची ही नाणी सहसा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत. ती चुंबकाला चिकटतात, गंजून फुगतात. १९७१ ते १९९१ ची ब्राँझची असल्याने चिकटत नाहीत, पण त्यांना वजन पकडतं: दोन पेन्स ७.१२ ग्रॅम, ब्राँझ हाफपेनी ५.६७, एक पेनी ३.५६, फार्दिंग २.८३.

## ४. व्यास आणि वजन

व्यास तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा, कारण कड खाल्ली जाते, वाढत नाही. वजनाचंही तसंच. माती निघाल्यावर भरलेलं वजन हे मूळ वजनापेक्षा कमीच असणार. त्यामुळे तक्त्यातल्या आकड्यापेक्षा तुमचं नाणं हलकं भरलं तर बिघडत नाही, जड भरलं तर मात्र ओळख चुकली आहे.

तांबं आणि ब्राँझसाठी हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- ४१ मिमी, सुमारे ५६.७ ग्रॅम: १७९७ चं दोन पेन्स, 'कार्टव्हील'. दुसरं काही असूच शकत नाही.
- ३६ मिमी, सुमारे २८.३ ग्रॅम: १७९७ ची कार्टव्हील पेनी. रुंद उंच कड आणि तिच्यात खोल कोरलेली अक्षरं.
- ३४ मिमी, सुमारे १८.८ ग्रॅम: १८०६ ते १८६० मधली तांब्याची पेनी.
- ३१ मिमी, ९.४५ ग्रॅम: १८६० नंतरची ब्राँझ पेनी. दशमान पद्धत येईपर्यंत हाच आकार राहिला.
- २८ ते ३० मिमी, बहुधा ९ ते १० ग्रॅमपर्यंत: १८६० पूर्वीचं तांब्याचं हाफपेनी. सतराव्या शतकातलं आणि १७९९ चं याहून जड असतं.
- २५.५ मिमी, ५.६७ ग्रॅम: १८६० नंतरचं ब्राँझ हाफपेनी.
- २२ ते २३ मिमी, बहुधा ४.९ ग्रॅमपर्यंत: १८६० पूर्वीचं तांब्याचं फार्दिंग. इथेही सतराव्या शतकातलं आणि १७९९ चं जड असतं.
- २० मिमी, २.८३ ग्रॅम: १८६० नंतरचं फार्दिंग.

यातून एक मोठी चाळणी आपोआप लागते. ब्रिटनमध्ये तांब्याची सरकारी पेनी १७९७ पूर्वी नव्हतीच. त्याआधी पेनी म्हणजे चांदीचं छोटं नाणं. त्यामुळे ३४ मिमीच्या चकतीला 'चार्ल्सच्या काळातली पेनी' म्हणणारा कोणीही, ॲप धरून, चुकतोय.

## ५. कड

नाणं उभं धरा आणि कडेवरून टॉर्च फिरवा. अठराव्या शतकातल्या हाफपेनीची कड साधी असते. १७९९ आणि १८०६-०७ च्या हाफपेनीच्या कडेवर मधोमध चर असून त्यात तिरप्या रेघा आहेत. नाण्याची दोन्ही तोंडं सपाट झाली तरी हा चर बऱ्याचदा खिळ्यासारखा जागच्या जागी असतो. २९ मिमीचं कोरं नाणं आणि कडेवर तिरप्या रेघा असं दिसलं की तुम्ही तिसऱ्या जॉर्जपाशी पोहोचलात, एकही अक्षर न वाचता.

कडेवर अक्षरं असतील तर सावध व्हा. १७८७ ते १७९७ च्या दरम्यान सुट्या पैशांची टंचाई होती, तेव्हा व्यापाऱ्यांनी स्वतःची टोकन, म्हणजे नाण्याऐवजी चालणाऱ्या खासगी चकत्या, पाडली. त्यातल्या पुष्कळांच्या कडेवर 'कुठे वटेल' ते छापलेलं असतं. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस खाणीची टोकन यात प्रसिद्ध आहेत. त्यांच्यावर राजा नसून टोपी घातलेला दाढीवाला ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुजारी, आहे.

## ६. तिरपा उजेड आणि डोक्याची दिशा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खोली अंधारी करा, नाणं काळ्या कापडावर ठेवा, टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडव्या उजेडात धरा. मग टॉर्च नाण्याभोवती हळूहळू फिरवा. समोरून दिसत नव्हती ती हनुवटी एखाद्या कोनात अचानक सावलीतून वर येते. प्रत्येक कोनात फोटो घ्या, फोन हातात न धरता पुस्तकांच्या चळतीवर टेकवून. नंतर फोटो काळे-पांढरे करून कॉन्ट्रास्ट वाढवा. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने छाप घेण्याची युक्तीही चालते, पण थर सुटत असेल तर नको.

शोधायचं एकच: नाक कुठल्या बाजूला? ब्रिटिश राजांची तोंडं साधारण आलटून पालटून फिरवलेली आहेत:

डावीकडे: दुसरा चार्ल्स (फक्त तांब्यावर, चांदीवर उजवीकडे), अ‍ॅन, दुसरा जॉर्ज, चौथा जॉर्ज, व्हिक्टोरिया, पाचवा आणि सहावा जॉर्ज.

उजवीकडे: तिसरा विल्यम, पहिला जॉर्ज, तिसरा जॉर्ज, चौथा विल्यम, सातवा एडवर्ड, दुसरी एलिझाबेथ.

आता व्यास आणि दिशा जोडा. ३४ मिमीच्या पेनीचं उदाहरण घ्या. उजवीकडे तोंड आणि डोक्यावर पानांची माळ असेल तर तिसरा जॉर्ज. डावीकडे आणि माळ असेल तर चौथा जॉर्ज. उजवीकडे आणि डोकं उघडं असेल तर चौथा विल्यम. डावीकडे, मान मोकळी आणि मागे अंबाड्याचा फुगवटा दिसला तर व्हिक्टोरिया. चारच शक्यता, आणि बाह्यरेषेवरून चारही सुटतात.

नेहमीची चूक: खड्ड्याला उंचवटा समजणं. फोटोत उजेड खालून आला तर डोळा फसतो आणि डोकं आत गेल्यासारखं दिसतं. उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येईल असा फोटो फिरवून पुन्हा बघा.

## ७. मागची बाई

मागे बसलेली आकृती जवळपास हमखास ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन. १६७२ पासून ती तांब्यावर आहे. ती कुठे बघते आणि हातात काय आहे, यावरून काळ ठरतो.

डावीकडे बघत असेल, एका हातात फांदी आणि दुसऱ्यात भाला, तर १७९७ पूर्वीचं नाणं. डावीकडेच, पण त्रिशूळ हाती, पाठीमागे समुद्र असेल तर १७९७ ते १८०७. उजवीकडे बघते, डोक्यावर शिरस्त्राण आहे, तर चौथ्या जॉर्जपासून पुढे. १८६० ते १८९४ च्या ब्राँझ पेनीवर तिच्या एका बाजूला दीपगृह, दुसऱ्या बाजूला जहाज आहे. १८९५ ला दोन्ही गेली, दीपगृह १९३७ ला परत आलं. १९३७ पासून हाफपेनीवर शिडाचं जहाज आणि फार्दिंगवर रेन हा चिमुकला पक्षी आहे. ही दोन्ही अगदी झिजली तरी ओळखू येतात.

अठराव्या शतकातलं तांब्याचं नाणं बहुधा असं पाडलेलं असतं की राजा सरळ धरून नाणं वरून खाली उलटलं की ब्रिटानिया सरळ येते. राजाचं डोकं सापडलं असेल तर ब्रिटानियाचं डोकं कुठे शोधायचं ते यावरून कळतं. पुष्कळ जण उलटी आकृती बघत बसतात आणि 'काही दिसत नाही' म्हणून सोडून देतात.

बाईऐवजी मुकुट घातलेली हार्प (उभं तंतुवाद्य) दिसली तर नाणं आयर्लंडचं. ब्रिटनच्या मातीत ती सर्रास सापडतात.

मुंबईकरांसाठी एक आडवाट: मागे तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत 'अदल' असेल तर ते ईस्ट इंडिया कंपनीचं मुंबई इलाख्याचं नाणं, बहुधा बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टनने पाडलेलं. तसंच १८०८ ची मद्रास इलाख्याची 'कॅश' नाणी घेऊन निघालेलं 'अ‍ॅडमिरल गार्डनर' जहाज १८०९ च्या जानेवारीत केंटच्या किनाऱ्यासमोर गुडविन सँड्सवर बुडालं. त्यातली नाणी पुढे बाहेर काढली गेली.

## ८. आता अक्षरं

राजा ठरलेला असल्याने काय शोधायचं ते आता ठाऊक आहे. जुन्या लॅटिन लिखाणात 'यू'च्या जागी 'व्ही' असतो.  नाव सहसा डाव्या खालच्या बाजूने सुरू होऊन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चढतं, म्हणून नाणं हळूहळू फिरवत वाचा. तिसरा विल्यम 'गुलिएल्मस' म्हणून येतो, तिथे अनेकांची गाडी अडते. तारीख १७९९ पर्यंतच्या तांब्यावर सहसा ब्रिटानियाच्या पायाखाली, १८०६ पासून १८६० पर्यंत बहुधा राजाच्या मानेखाली, आणि ब्राँझवर पुन्हा ब्रिटानियाखाली. अर्धा आकडा दिसला तर अर्धाच लिहा. '१७७–' ही उत्तम नोंद आहे. '१७७५ असावं' ही वाईट.

## एक नाणं शेवटपर्यंत

समजा, व्यास २८.२ मिमी. वजन ७.६ ग्रॅम. चुंबकाला चिकटत नाही, कड साधी. तिरप्या उजेडात उजवीकडे तोंड, मानेमागे रिबिनीची टोकं. मागे डावीकडे बघणारी ब्रिटानिया, हातात काठीसारखं काही. व्यासावरून हाफपेनी, साधी कड आणि डावीकडे बघणारी ब्रिटानिया यांवरून १७९९ पूर्वीचं. उजवीकडे तोंड असल्याने दुसरा जॉर्ज बाद. तिसरा विल्यम, पहिला जॉर्ज आणि तिसरा जॉर्ज उरतात. केसांच्या बांधणीवरून तिसरा जॉर्ज, म्हणजे १७७० ते १७७५.

वजन मात्र फारच कमी आहे. झीज म्हणून काही ग्रॅम सोडा, पण चेहरा बऱ्यापैकी शाबूत असताना इतकं हलकं नाणं बघून मी 'त्याच काळातली बनावट' असं लिहीन. त्या काळी खोटी हाफपेनी इतकी चालत की कायद्याच्या कचाट्यातून सुटायला मुद्दाम 'जॉर्ज रूल्स' सारखी वेडीवाकडी अक्षरं घातलेलीही मिळतात. वाचता येणारी पण निरर्थक अक्षरं दिसली तर स्वतःच्या डोळ्यांना दोष देऊ नका.

## चांदीचं असेल तर

चांदीची ओळख वेगळा विषय आहे, इथे फक्त दिशा देतो. कडेला कंगोरे नसलेलं, पातळ, वेडंवाकडं, १८-१९ मिमीचं नाणं बहुधा हातोड्याने ठोकलेली मध्ययुगीन पेनी असते. मागचा क्रॉस बघा. दुहेरी रेघांचा आणि कडेपर्यंत न पोचणारा असेल तर ११८० ते १२४७. दुहेरी आणि कडेपर्यंत पोचणारा असेल तर १२४७ ते १२७९. एकाच जाड रेघेचा, प्रत्येक कोपऱ्यात तीन टिकल्या असतील तर १२७९ पासून पुढचा. अर्धं किंवा पाव कापलेलं नाणं मोडकं नव्हे, सुट्टे करायला क्रॉसवरून तसंच कापत. राणीच्या डोक्यामागे गुलाब असेल तर पहिली एलिझाबेथ, १५६१ पासून. सिक्सपेन्सवर (सहा पेन्सचं नाणं) तो असतो, शिलिंगवर (बारा पेन्सचं) नसतो.

सावधान: एस आकारात वाकवलेलं गुळगुळीत सिक्सपेन्स बहुधा प्रेमाची खूण म्हणून मुद्दाम वाकवलेलं असतं. सरळ करायला जाऊ नका, जमिनीतली चांदी ठिसूळ होते आणि कटकन तुटते.

## ओळख पटल्यावर, किंवा न पटल्यावर

इंग्लंड आणि वेल्समध्ये पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचे फाइंड्स लायझन ऑफिसर असतात. त्यांना पुढच्या-मागच्या बाजूचे मोजपट्टीसह फोटो, व्यास, वजन, जागा पाठवा. जी पायरी अडली तीही लिहा, 'कोणतं नाणं आहे?' एवढंच विचारू नका. त्यांचा ऑनलाइन संग्रहही बघा. तिथे झिजकी, कुरतडलेली नाणी फोटोसकट आहेत. दुकानदारांच्या चकाचक फोटोंशी आपलं नाणं जुळवत बसण्यापेक्षा ते फार उपयोगी.

एकटं दुकटं नाणं सहसा 'ट्रेझर' ठरत नाही. पण १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी, किमान १०% सोनं-चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी, किंवा साध्या धातूची दहा किंवा अधिक नाणी एकाच साठ्यात सापडली तर १४ दिवसांत कॉरोनरला (स्थानिक चौकशी अधिकारी) कळवावं लागतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि कडक आहे. तिथे एकटं जुनं नाणंही ट्रेझर ट्रोव्ह युनिटला दाखवायचं.

महाराष्ट्रात शेतात किंवा वाड्याच्या पायात सापडलेल्या 'ब्रिटिश' नाण्याला वरचे तक्ते लावू नका. ते बहुतेक कंपनीचं किंवा राणीछाप असतं, त्यावर ब्रिटानिया नसते. पाव आणा व्यासाने ब्राँझ हाफपेनीच्या जवळ, पण वजनाने ६.४७ ग्रॅम, त्यामुळे नुसत्या व्यासावर गेलात तर गफलत होते. व्हिक्टोरियाच्या नावापुढे 'क्वीन' असेल तर १८७६ पर्यंतचं, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ पासूनचं. आणि १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याखाली जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं.

ठेवताना पीव्हीसीचे मऊ अल्बम टाळा, त्यातल्या रसायनाने तांब्यावर चिकट हिरवा थर चढतो. कागदी पाकीट, त्यावर ग्रिड रेफरन्स, व्यास, वजन आणि तुम्ही कितव्या पायरीपर्यंत पोहोचलात ते पेन्सिलीने लिहा, आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाका. पुडीचा रंग बदलला की ती वाळवा किंवा बदला.